टीव्ही सासूबाईंचा, खातं तुझं

"ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. मूल नाही म्हणून दोघांच्याही तपासण्या चालू आहेत, आयव्हीएफचा विचार करतोय. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी सगळं इनकॉग्निटोमध्येच शोधते. तरी गेल्या महिन्यात हॉलमध्ये सासूबाई आणि त्यांची बहीण टीव्हीवर कीर्तन ऐकत बसल्या होत्या आणि मध्येच आयव्हीएफ सेंटरची जाहिरात लागली. मग आणखी एक. बाजूला व्हिडिओही त्याच विषयाचे. सासूबाई म्हणाल्या, 'हे कसलं गं सारखं दाखवतात आपल्याच टीव्हीवर?' मला दरदरून घाम फुटला. एकदा फेसबुकवर 'फ्री कन्सल्टेशन'चा फॉर्म भरला होता, तेव्हापासून फोनही येतात. परवा फोन ओट्यावर राहिला होता, सासूबाईंनीच उचलला. समोरच्या मुलीने माझं नाव घेऊन विचारलं. त्या 'राँग नंबर' म्हणाल्या आणि ठेवून दिला. नवरा म्हणतो, 'लपवण्यासारखं आहे काय त्यात?' फोन आपलं बोलणं ऐकतो का? हे सगळं थांबवायचं कसं? आणि सासूबाईंना काय सांगू?"
— एक सून, पाथर्डी फाटा, नाशिक

तुला 'तू'च म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील.

पत्र वाचून मी आधी मनाशी विचारलं, त्या टीव्हीवर गूगलचं खातं कुणाचं आहे? पैज लावते, तुझंच. बहुतेक घरांत हे असंच होतं. टीव्ही बसवायला आलेला मुलगा भिंतीला ड्रिल मारून झाला की घाईघाईत म्हणतो, "कुणाचं तरी जीमेल सांगा ना." सासऱ्यांना पासवर्ड आठवत नाही, नवरा अंबडला कंपनीत, आणि सून हातात फोन घेऊन शेजारीच उभी. तिथे तू तुझा पासवर्ड टाकलास आणि विसरलीस. त्या दिवसापासून तुझ्या फोनवरचं यूट्यूब आणि हॉलमधलं यूट्यूब एकच झालं. तू रात्री पांघरुणात शिरून 'आयव्हीएफ पहिल्यांदा फेल गेलं तर' असा व्हिडिओ पाहायचा, आणि सकाळी सासूबाईंच्या कीर्तनाशेजारी त्याची चुलत भावंडं येऊन बसायची.

तू म्हणशील, पण मी तर इनकॉग्निटोमध्ये होते. ते नावच फसवं आहे. त्यात फोन स्वतःजवळ हिस्ट्री ठेवत नाही, एवढंच. तुझा फोन कुणी हातात घेतला तर त्याला काही सापडणार नाही. पण ज्या वेबसाइटवर तू गेलीस तिला तू आल्याचं कळतं, आणि त्या पानावर ज्या जाहिरात कंपन्यांचे कोड बसवलेले असतात त्यांनाही कळतं. लोकांच्या याच गैरसमजावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला होता. २०२४ मध्ये तडजोड झाली तेव्हा इनकॉग्निटोमधून गोळा झालेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. शिवाय एक बारीकशी गोम आहे. इनकॉग्निटोमध्ये असताना एखाद्या व्हिडिओच्या लिंकवर बोट टेकवलं की 'ॲपमध्ये उघडू का' असं विचारतात. आपण न वाचता हो म्हणतो. यूट्यूबचं ॲप उघडतं, त्यात तू तुझ्या नावानिशी बसलेली असतेस, आणि इनकॉग्निटो मागे दारातच राहतं.

आता टीव्हीचं बघ. सासूबाई देवळात गेल्या की यूट्यूब उघड, डाव्या पट्टीत तुझं चित्र किंवा नावाचं अक्षर असेल, तिथे जाऊन साइन आउट कर. मग टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' असतं, तिथूनही स्वतःला काढ. मेनूची नावं टीव्हीगणिक थोडी इकडची तिकडे असतील, शोधलंस की सापडतील. घरात तेवढाही एकांत मिळत नसेल (आपल्याकडच्या हॉलमध्ये कधी मिळतो?) तर हेच काम फोनवरून होतं. गूगल अकाउंटमध्ये 'सिक्युरिटी'मध्ये जा, तिथे 'युअर डिव्हायसेस' मध्ये तुझं खातं जिथे जिथे उघडं आहे ती सगळी यंत्रं दिसतील. टीव्ही निवडून साइन आउट. यादी नीट वाच. माझ्या यादीत दोन वर्षांपूर्वी विकलेला टॅब निघाला होता.

यातलं सगळंच काही जाहिरात नव्हतं, हेही लक्षात घे. बाजूला दिसणारे व्हिडिओ ही यूट्यूबची शिफारस, ती तुझ्या पाहण्याच्या इतिहासावरून येते. त्यासाठी वॉच हिस्ट्री आणि सर्च हिस्ट्रीतून त्या विषयाच्या नोंदी काढ, आणि तीन महिन्यांहून जुनं आपोआप पुसलं जाईल असं लावून ठेव. जाहिरातींसाठी गूगलचं 'माय ॲड सेंटर' आहे. तिथे 'पर्सनलाइज्ड ॲड्स' बंदच करून टाकता येतात. ते नको असेल तर निदान संवेदनशील विषयांच्या यादीत जाऊन गर्भधारणेचा विषय बंद कर. दारू, जुगार, डेटिंग, वजन कमी करणं आणि गर्भधारणा-पालकत्व, असे विषय तिथे ठेवलेत. दारू-जुगाराच्या पंगतीत गर्भधारणा का बसली असेल, याचं उत्तर तुझ्या पत्रात आहे. जाहिराती तरीही शून्यावर येणार नाहीत. चाललेल्या व्हिडिओच्या विषयावरून आणि नुसत्या गावावरूनही त्या लावता येतात, आणि मूल होण्याच्या उपचारांच्या जाहिराती हल्ली नाशकात रिक्षांच्या पाठीवरही दिसतात.

फोन ऐकतो का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी तरी विचारतंच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सतरा हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासले. चोरून आवाज टिपून पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप वापरणाऱ्याच्या स्क्रीनवरच्या हालचालींचं चित्रण करून बाहेर पाठवत होते. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, तो पाहत जा आणि ज्या ॲपला माइकचं काम नाही त्याची परवानगी काढून घे. पण खरं सांगू, त्यांना ऐकायची गरजच पडत नाही.

लासलगावचा कांद्याचा लिलाव पाहिला असशील, निदान टीव्हीवर तरी. ट्रॉली येऊन उभी राहते, व्यापारी भोवती जमतात, मुठीत कांदे घेऊन पाहतात, बोली चढते, माल एकाचा होतो, ट्रॉली पुढे सरकते. तू एखादं पान उघडतेस तेव्हा अस्साच लिलाव होतो, फक्त ट्रॉलीत तू असतेस आणि सगळा व्यवहार सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो. कुठल्या गावातून, कुठल्या फोनवरून, कुठलं पान वाचतेय, आधी काय काय पाहिलंय, हे सगळं बोली लावणाऱ्यांपुढे टाकलं जातं. आता यातली मेख बघ. लासलगावात ज्या व्यापाऱ्याची बोली हरते त्यानेही कांदा पाहिलेला असतोच. इथेही जो हरला त्याने तुला पाहिलेलं असतंच. जाहिरात एकाची दिसते, माहिती मात्र सगळ्यांपुढे जाते.

या लिलावात ट्रॉलीवर जी नंबरप्लेट लागते ती म्हणजे फोनचा ॲडव्हर्टायझिंग आयडी. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'गूगल', त्यात 'ॲड्स', तिथे तो डिलीट करता येतो. एका मिनिटाचं काम आहे. नवऱ्याचा आयफोन असेल तर 'ट्रॅकिंग' मध्ये जाऊन ॲपना विचारायची परवानगीच बंद करायची. २०२१ पासून आयफोनवर ॲपला आधी विचारावं लागतं आणि आपण 'नको' म्हणू शकतो. ब्राउझर म्हणशील तर फोनवरच्या क्रोममध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकता येत नाही. फायरफॉक्स घे आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' टाक. फुकट आहे, आणि बातम्यांची पानं इतकी मोकळी दिसतात की आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय असं वाटतं. ॲपच्या आतल्या जाहिरातींसाठी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, तिथे ॲडगार्डसारख्या सेवेचा पत्ता टाकायचा. बऱ्याचशा जाहिराती वाटेतच गळतात. यूट्यूबच्या मात्र त्याने जात नाहीत. आणि कधी एखादं ॲप अडून बसलं तर तेवढ्यापुरतं हे डीएनएस बंद करायचं.

इथे एक कबुली. जाहिरातीशी माझं काही भांडण नाही. माझे वडील 'गावकरी' पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे, जाहिरातींसकट. येवल्याच्या पैठणीची जाहिरात वडिलांनाही दिसायची आणि शेजारच्या काकूंनाही. ती पैठणी आपल्याकडे वळून पाहत नव्हती.

पाळीच्या तारखा लिहायला एखादं ॲप वापरतेस का? पत्रात काही नाही, पण उपचार चालू असले की बहुतेक जणी वापरतात. 'फ्लो' नावाचं जगभर चालणारं ॲप आहे. माहिती गुप्त ठेवू असं सांगूनही ते ती फेसबुक-गूगलसारख्या कंपन्यांपर्यंत जाऊ देत होतं, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये त्या कंपनीला नियमांखाली आणलं. आपल्या घरात याला सोपा पर्याय भिंतीवर टांगलेला असतो. कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीने एक टिंब. दुधाच्या हिशेबात कुणाला ओळखूही येत नाही.

सेंटरचे फोन वेगळ्या वाटेने आले. फेसबुकवरच्या त्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर आधीच भरून येतात, आपण फक्त 'सबमिट' दाबतो, आणि ते दाबणं म्हणजे संमती असं समोरचे धरून चालतात. पुढच्या फोनला चिडू नकोस, घाबरून कटही करू नकोस. शांतपणे सांग, "मला फोन नको, नंबर यादीतून काढा, आणि काढल्याचा मेसेज करा." तरी आले तर १९०९ वर तक्रार. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी ॲपवरूनही होते. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये बाहेरच्या वेबसाइटनी तुझ्याबद्दल पाठवलेल्या हालचालींची यादी असते, तीही एकदा उघडून बघ आणि पुसून टाक. बघताना खुर्चीत बस.

ज्या डॉक्टरांकडे खरंच जायचं ठरवाल तिथे मात्र ही भीती बाळगू नकोस, उलट हक्काने बोल. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने अशा क्लिनिकना नोंदणी सक्तीची आहे आणि जोडप्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पहिल्याच भेटीत काउंटरवर सांगायचं: फोन फक्त या नंबरवर, फक्त अकरा ते चार, आणि जाहिरातीचे मेसेज नकोत. केसपेपरवर लिहून घ्यायला लाव.

नंबराचं म्हणशील तर मीही शहाणी नव्हते. भाचीच्या लग्नासाठी भांडीबाजारात तांब्याचा हंडा घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही. बिल करताना पोराने नंबर मागितला, मी दिला. पुढच्या आठवड्यात फेसबुक उघडलं तर त्याच दुकानाचे हंडे, कळश्या, घंगाळं माझ्यापुढे ओळीने मांडलेली. मी त्या दुकानाचं नाव फोनवर कधी टाईपही केलं नव्हतं. मग कळलं की दुकानं आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवू शकतात. कंपनी ते नंबर आपल्याकडच्या खात्यांशी जुळवते, आणि जुळलेल्यांना जाहिरात दाखवते. नंबर सांकेतिक रूपात जातात, असं त्यावर सांगतात. हंडे मात्र बरोबर मलाच दिसले.

नंबर न दिल्यास बिल करणार नाही असं म्हणणं दुकानदाराला चालत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये तसं स्पष्ट बजावलंय, आणि तक्रारीला १९१५ ही हेल्पलाइन आहे. मी आता "नंबर नाही देत" एवढंच म्हणते आणि गप्प उभी राहते. मागची रांग उसासे टाकते. मग काउंटरवरचं पोरगं, ज्याला या सगळ्याचा माझ्याइतकाच कंटाळा आलेला असतो, स्वतःच दहा वेळा नऊचं बटण दाबतं आणि बिल निघतं. देशातला सगळ्यात मोठा खरेदीदार तो दहा नवांचा माणूस असणार.

कायदाही आलाय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधनं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. म्हणजे सिंहस्थाच्या साली, २०२७ च्या मे महिन्यात. दिलेली संमती मागे घेणं, माहिती पुसायला लावणं, हे हक्क तेव्हा खऱ्या अर्थाने हातात येतील. दंडाची कमाल रक्कम अडीचशे कोटींपर्यंत आहे. तोवर तुझं भागणार नाही, म्हणून वरची सगळी खटपट.

आता नवरोबा. "लपवण्यासारखं आहे काय?" हे वाक्य मी फार ऐकते, आणि बहुतेक वेळा ते अशा माणसाकडून येतं ज्याला कुणी काही विचारत नाही. जाहिरात लागली तेव्हा मावशींची नजर कुणाकडे वळली असेल? तपासण्या दोघांच्या चालू आहेत, घाम तुला एकटीला फुटला. आपल्याकडे दिवस गेले की तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलत नाहीत. तो पोटात असताना त्याची आईही बोलली नसेल, आणि तिला कुणी 'लपवण्यासारखं आहे काय' म्हणून विचारलं नसेल. सांगायचं कधी ते त्या बाईने ठरवायचं, सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, पण नवऱ्याला निकालपत्र दाखवू नकोस. तिसऱ्या महिन्याचं उदाहरण पुरेल.

राहता राहिल्या सासूबाई. 'टीव्हीत व्हायरस शिरलाय' वगैरे थाप मारू नकोस, पुढे अंगलट येईल. परत विचारलं तर "टीव्हीवर माझं खातं होतं, ते काढलंय, आता नाही येणार" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. बाकीचं सांगायचं तेव्हा दोघांनी मिळून सांगा, आणि बोलायला सुरुवात त्याने करायची.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या मुलीने फोनवर तुझं नाव घेऊन विचारलं. सासूबाईंना तुझं नाव माहीत आहे. तरी त्या 'राँग नंबर' म्हणाल्या, आणि तू लिहितेस त्यावरून नंतर तुला एका शब्दानेही विचारलं नाही. मी तुझ्या जागी असते तर त्या फोनबद्दल घाबरण्याऐवजी जरा वेळ विचार केला असता. मावशींसमोर निघालेलं वाक्य एक आणि ओट्याजवळ एकटीने केलेली गोष्ट दुसरी. कदाचित तुला वाटतंय त्यापेक्षा त्यांना जास्त कळलेलं असेल आणि तू कधी सांगतेस याची त्या वाट पाहत असतील. कदाचित मी उगाच अर्थ काढत असेन. तू रोज त्यांच्यासोबत राहतेस, तुला जास्त कळेल.

टीव्ही तसाच रिकामा सोडू नकोस, नाहीतर कीर्तन सापडत नाही म्हणून त्या नातवंडासारखा हट्ट धरतील आणि नवरा पुन्हा तुझंच खातं टाकून मोकळा होईल. रविवारी सकाळी चहा झाला की त्यांच्या स्वतःच्या नंबरावर त्यांचं खातं काढून दे आणि ते टीव्हीवर टाक. पासवर्ड त्यांच्याच हाताने त्यांच्या देवाच्या पोथीत मागच्या कोऱ्या पानावर लिहू दे. पंधरा दिवसांत त्यांची कीर्तनं, लोणच्याच्या कृती, गुडघेदुखीचे व्यायाम असं सगळं तिथे जमायला लागेल. ते काय जमतंय, ते तू उघडून बघू नकोस.